मिसिर्कॉव्हचा ग्रंथ आणि परक्या विधिमंडळांची मान्यता

क्रस्ते मिसिर्कॉव्ह याचा 'मॅसिडोनियन गोष्टींविषयी' हा ग्रंथ १९०३ साली सोफिया येथे छापला गेला. ग्रंथ आकाराने लहान, लेखक जेमतेम एकोणतीस वर्षांचा, आणि ज्या भाषेत तो लिहिला गेला ती भाषा त्या काळी कोणत्याही राज्याच्या, शाळेच्या वा धर्मपीठाच्या दप्तरी स्वतंत्र भाषा म्हणून दाखल नव्हती. छापलेल्या प्रतींपैकी बहुतेक वाचकांच्या हाती पडण्यापूर्वीच नष्ट करण्यात आल्या असे मानले जाते. आज स्कोप्ये येथील मॅसिडोनियन भाषेच्या संशोधनसंस्थेला मिसिर्कॉव्हचेच नाव आहे. उलट सोफियातील अभ्यासक त्याच्या उत्तरायुष्यातील लेखांचा दाखला देऊन तो आपलाच होता असे आग्रहाने सांगतात. या ग्रंथाची समीक्षा म्हणून जे लेखन झाले त्यातील बराच भाग अशा मालकीहक्काच्या दाव्यांनी व्यापलेला आहे. मिसिर्कॉव्ह कोणाचा, हे इतक्या हिरिरीने विचारले गेले की मिसिर्कॉव्ह म्हणतो काय, हा प्रश्न मागे पडला.

तो प्रश्न पुन्हा पुढे आणण्यास एक ताजे निमित्त आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात युरोपीय संसदेने उत्तर मॅसिडोनियाच्या प्रगतीविषयीचा आपला अहवाल संमत केला, तेव्हा मसुद्यात आलेले 'मॅसिडोनियन अस्मिता आणि भाषा' या आशयाचे उल्लेख मतदानाने गाळले गेले. एका जनसमूहाच्या नावाचे विशेषण दुसऱ्या देशांच्या प्रतिनिधींनी हात वर करून ठेवावे किंवा काढावे, ही घटना वरवर पाहता विलक्षण वाटते. पण मॅसिडोनियाच्या इतिहासात ती मुळीच नवी नाही. या प्रदेशातील स्लाव्ह भाषिकांचे नाव गेली दीडशे वर्षे कोणाच्या ना कोणाच्या नोंदवहीत, फर्मानात, तहात किंवा ठरावात ठरत आले आहे. आणि मिसिर्कॉव्हचा ग्रंथ हा या परिस्थितीवरील पहिला सुसंगत विचार होय. ग्रंथाचे खरे महत्त्व येथे आहे, राष्ट्रपुरुषाच्या पोथीचा मान त्याला मिळाला यात नव्हे.

ग्रंथात प्रस्तावनेखेरीज पाच निबंध आहेत. झालेल्या आणि पुढे करावयाच्या कार्याविषयी पहिला. मॅसिडोनियन साहित्य-संशोधन मंडळांची गरज आहे काय, हा दुसऱ्याचा विषय. तिसरा राष्ट्रीय विभक्तवादावर. मॅसिडोनिया हा स्वतंत्र वांशिक व राजकीय घटक बनू शकेल काय, याचा ऊहापोह चौथ्यात. आणि पाचवा वाङ्मयीन भाषेविषयी. यांतील काही भाग सेंट पीटर्सबर्ग येथील मॅसिडोनियन विद्यार्थ्यांच्या मंडळापुढे वाचला गेला होता, आणि लेखनावर व्याख्यानाची छाप स्पष्ट दिसते. मिसिर्कॉव्ह प्रतिपक्षाचा आक्षेप स्वतःच उभा करतो आणि मग त्याचे निरसन करतो. संस्कृत शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांची सवय असलेल्या वाचकाला ही पद्धती परिचयाची वाटेल. तथापि मिसिर्कॉव्ह पूर्वपक्ष दुबळा करून मांडत नाही, हा त्याचा विशेष. आपण, आपले वडील आणि आजोबा आजवर स्वतःला बल्गेरियन म्हणवीत आलो, मग मॅसिडोनियन राष्ट्र आता कोठून आले, हा सर्वांत अडचणीचा प्रश्न तो टाळत नाही. असे राष्ट्र पूर्वी नव्हते हे तो जवळजवळ मान्यच करतो. त्याचे उत्तर एवढेच, की जे पूर्वी नव्हते ते पुढे होऊ शकते. ऐतिहासिक परिस्थिती निर्माण झाली म्हणजे राष्ट्रेही निर्माण होतात, आणि मॅसिडोनियात ती परिस्थिती निर्माण झाली आहे.

या उत्तराचे धाडस आज सहज ध्यानात येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या बाल्कन प्रदेशात राष्ट्र म्हणजे अनादि, सुप्त आणि केवळ जागे होण्याची वाट पाहणारे काही तरी, अशी समजूत रूढ होती. ग्रीक, सर्ब आणि बल्गेरियन या तिन्ही राष्ट्रवादांनी आपापली वंशावळ प्राचीन वा मध्ययुगीन साम्राज्यांपर्यंत नेऊन भिडवली होती. मिसिर्कॉव्हचा जन्म १८७४ साली पोस्तोल या गावी झाला. हे गाव प्राचीन पेल्ला नगरीच्या, म्हणजे फिलिप व शिकंदर यांच्या राजधानीच्या, अवशेषांलगतचे. घराच्या अंगणातच असा पुरावा पडला असताना त्याने आपल्या युक्तिवादाचा पाया शिकंदरावर रचला नाही. तो रचला ऑटोमन राजवटीतील ताज्या राजकीय गरजेवर. राष्ट्र हे वारशाने मिळत नसून प्रसंगाने घडते, ही भूमिका पाश्चात्त्य विद्यापीठांत रूढ होण्यास पुढे सहासात दशके लागली.

आता त्या परिस्थितीचा विचार केला पाहिजे, कारण त्यावाचून मिसिर्कॉव्हची मागणी समजत नाही. ऑटोमन राज्यव्यवस्थेत प्रजेची नोंद भाषेवरून होत नसे. ती धर्मसंप्रदायावरून होई. ग्रीक कुलगुरुपीठाच्या अधीन असलेला ख्रिस्ती शेतकरी घरात स्लाव्ह बोली बोलत असला तरी दप्तरी 'रूम' म्हणून दाखल होई. १८७० च्या फर्मानाने सुलतानाने बल्गेरियन एक्झार्क हे स्वतंत्र धर्मपीठ मान्य केले, आणि एखाद्या धर्मप्रांतातील दोन-तृतीयांश रहिवाशांनी इच्छा दर्शविल्यास तो प्रांत या नव्या पीठाकडे जाऊ शकेल असे कलम त्यात घातले. स्कोप्ये आणि ओह्रिद हे प्रांत १८७० नंतरच्या काही वर्षांतच अशा रीतीने एक्झार्ककडे गेले. परिणाम असा झाला, की गावाने पुरोहित बदलला म्हणजे दप्तरात राष्ट्र बदलू लागले. शाळा, शिक्षकाचा पगार, विवाहाची नोंद आणि दफनभूमी हे सर्व त्या एका निवडीला जोडलेले. एकाच घरातील एक भाऊ ग्रीक, दुसरा बल्गेरियन आणि तिसरा सर्ब पक्षाचा, अशी उदाहरणे त्या काळच्या प्रवाशांनी नोंदवली, त्यांत थोडी अतिशयोक्ती असली तरी तथ्य नाही असे नव्हे. फ्रेंच पाकशास्त्रात फळांच्या वा भाज्यांच्या मिश्रणाला मॅसिडोनियाचेच नाव आहे; त्यामागील विनोद परक्याच्या सोयीचा असला, तरी ज्यांना त्या मिश्रणात राहावे लागले त्यांच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा प्रश्न होता.

मिसिर्कॉव्हची मागणी याच व्यवस्थेच्या भाषेत केलेली आहे. इलिंदेनच्या उठावाचा, म्हणजे २ ऑगस्ट १९०३ च्या सशस्त्र बंडाचा, बीमोड झाल्यावर तो लिहीत होता. उठावाने जे साधले नाही ते साधण्याचा मार्ग म्हणून तो सुलतानाशी एकनिष्ठ राहून सुधारणा मागण्याचा पर्याय मांडतो. मॅसिडोनियातील स्लाव्ह प्रजा हे वेगळे राष्ट्रीयत्व आहे असे सरकारने मान्य करावे आणि सरकारी नोंदवह्यांत तसे लिहावे. धर्मव्यवस्थेचे केंद्र, १७६७ साली रद्द झालेल्या ओह्रिदच्या धर्मपीठाच्या रूपाने, मॅसिडोनियातच असावे. अशा त्याच्या अपेक्षा आहेत. येथे त्याच्या विचारातील एक ताण उघडा पडतो, आणि प्रशंसकांनी तो बहुधा झाकून ठेवला आहे. राष्ट्र परिस्थितीतून स्वतः घडते असे म्हणणारा लेखक त्या राष्ट्राच्या अस्तित्वाची किल्ली परक्या राजसत्तेच्या कारकुनाच्या हाती देतो. ज्या नोंदवहीने त्याच्या लोकांना 'रूम' किंवा 'बल्गर' केले, तिच्यातच तो तिसरा रकाना मागतो. नोंदवहीलाच नकार देण्याचा विचार त्याला सुचत नाही.

हा दोष म्हणावा काय? अंशतः होय. परंतु बाल्कन प्रदेशात रकाना नसलेल्या माणसाला शाळाही नव्हती आणि न्यायही नव्हता, हे मिसिर्कॉव्ह चांगले जाणून होता. मान्यतेची मागणी त्याच्यापाशी भावनेतून उपजत नाही, ती व्यवहारातून येते. पुढील शंभर वर्षांच्या इतिहासात मॅसिडोनियनांची मान्यतेसाठीची सारी धडपड याच व्यवहाराची पुनरावृत्ती आहे. बदलत गेला तो फक्त नोंदवही राखणारा.

भाषाविषयक निबंध ग्रंथातील सर्वांत नेटका. वाङ्मयीन भाषेला मध्य मॅसिडोनियातील, म्हणजे प्रिलेप आणि बितोला या भागांतील, बोलींचा आधार असावा असे त्याचे प्रतिपादन आहे, आणि त्याचे कारण भौगोलिक आहे: या बोली बल्गेरियन व सर्बियन या दोन्ही वाङ्मयीन भाषांपासून सारख्याच दूर पडतात. या निवडीत रसिकता नाही, भूमिती आहे. १९४४ च्या २ ऑगस्टला प्रोहोर प्चिन्स्की मठात भरलेल्या सभेने मॅसिडोनियन ही राज्यभाषा ठरवली, १९४५ च्या मे महिन्यात वर्णमाला आणि जूनमध्ये शुद्धलेखनाचे नियम मान्य झाले, आणि ब्लाझे कोनेस्कीच्या व्याकरणाचे दोन भाग १९५२ व १९५४ साली निघाले. या साऱ्या कार्याचा पायाही पश्चिम-मध्य बोलींवरच घातला गेला. म्हणून मिसिर्कॉव्हला द्रष्टा म्हणण्याची प्रथा पडली. ती प्रथा थोडी सैल आहे. मध्य बोलींची निवड बोलणाऱ्यांची संख्या, शहरांचे स्थान आणि नव्या राज्याची सीमा यांवरूनही सहज सुचण्यासारखी होती. बल्गेरियन भाषाशास्त्रज्ञांचा प्रतिवाद असा, की या बोली बल्गेरियन बोलींशी अखंड जोडलेल्या आहेत आणि एकोणिसाव्या शतकातील लेखकांनी त्यांना बल्गेरियनच म्हटले. मिलादिनोव्ह बंधूंनी १८६१ साली झाग्रेब येथे प्रसिद्ध केलेल्या लोकगीतसंग्रहाच्या शीर्षकात 'बल्गेरियन' हाच शब्द आहे. ही दोन्ही विधाने खरी आहेत. मात्र बोलींची अखंडता ही स्लाव्ह जगात सर्वत्र आढळते, आणि तिच्यावरून कोणती भाषा असावी आणि कोणती नसावी याचा निर्णय होत नाही. भाषाशास्त्र येथपर्यंतच येऊ शकते. पुढचे पाऊल नेहमीच शाळेचे आणि राज्याचे असते.

मिसिर्कॉव्हच्या विचारातील दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. त्याच्या मॅसिडोनियात अल्बेनियन, तुर्क, व्लाख आणि रोमा आहेत, पण ते युक्तिवादाच्या कडेला उभे आहेत. मॅसिडोनियन म्हणजे स्लाव्ह मॅसिडोनियन असे त्याने गृहीतच धरले. २००१ साली सशस्त्र संघर्ष होऊन ओह्रिदचा करार करावा लागला तेव्हा या गृहीताची किंमत राज्याला मोजावी लागली. २०२१ च्या जनगणनेत उत्तर मॅसिडोनियाची लोकसंख्या सुमारे १८ लाख ३७ हजार भरली, आणि निवासी लोकसंख्येत अल्बेनियनांचे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. परक्याने आपले नाव नाकारल्याचे दुःख ज्याला ठाऊक आहे त्याने घरातील दुसऱ्याचे नाव विसरावे, हे राष्ट्रवादाच्या इतिहासात इतके वारंवार घडते की त्याचे आश्चर्य वाटेनासे होते.

मिसिर्कॉव्हच्या जीवनक्रमाचा प्रश्न येथे टाळता येत नाही. १९०५ साली त्याने ओडेसा येथे 'वार्दार' हे मॅसिडोनियन नियतकालिक छापावयास घेतले, ते एका अंकापुढे गेले नाही. त्यानंतरच्या लेखनात तो स्वतःला बल्गेरियन म्हणवताना आढळतो. रशियन क्रांतीनंतर बेसारेबियात स्थापन झालेल्या 'स्फातुल त्सरी' या विधिमंडळात तो बल्गेरियन अल्पसंख्याकांचा प्रतिनिधी म्हणून बसला. उत्तरायुष्य त्याने बल्गेरियात शिक्षकाचे काम करीत घालवले; १९२५ साली सोफियाच्या एका वृत्तपत्रात मात्र तो पुन्हा मॅसिडोनियन राष्ट्रवादाचे समर्थन करतो; १९२६ साली सोफियातच त्याचे निधन झाले. एक पक्ष यांतील पहिले आणि शेवटचे पान वाचतो, दुसरा मधली पाने. वास्तविक त्याच्या स्वतःच्याच सिद्धांताप्रमाणे पाहिले तर या बदलांत लपवण्यासारखे काही नाही. राष्ट्रीयत्व परिस्थितीने घडते असे ज्याने लिहिले, त्याच्या बाबतीत परिस्थितीने हेच केले. प्रत्येक गावाने पाळीपाळीने जे केले ते त्याने एका आयुष्यात केले, इतकेच.

मिसिर्कॉव्हनंतर नोंदवह्या झपाट्याने बदलल्या. बाल्कन युद्धांनंतर प्रदेशाची ग्रीस, सर्बिया आणि बल्गेरिया यांच्यात वाटणी झाली. ग्रीसने राष्ट्रसंघाला दिलेल्या वचनांच्या दडपणाखाली १९२५ साली अथेन्स येथे स्लाव्ह भाषिक मुलांसाठी 'अबेसेदार' नावाचे लॅटिन लिपीतील प्राथमिक पुस्तक छापले. शाळांत ते कधीच वापरले गेले नाही. १९२८ च्या ग्रीक जनगणनेत सुमारे ८२ हजार लोकांची भाषा 'मॅसिडोस्लाव्ह' म्हणून नोंदली गेली. बल्गेरियाच्या १९५६ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ८८ हजार मॅसिडोनियन आढळले आणि नऊ वर्षांनी, १९६५ साली, दहा हजारांहूनही कमी. दीड लाखांहून अधिक माणसे नऊ वर्षांत आपले मूळ विसरत नाहीत. बदलले होते ते सोफियातील सत्ताधारी पक्षाचे धोरण.

परंतु एका शब्दाने किती होऊ शकते याचे सर्वांत कठोर उदाहरण ग्रीसमधील आहे. १९४६ ते १९४९ च्या यादवी युद्धात उत्तर ग्रीसमधील हजारो कुटुंबे पळाली, आणि सुमारे २८ हजार मुलांना सीमेपार पूर्व युरोपातील देशांत नेण्यात आले; त्यांत स्लाव्ह भाषिक गावांतील मुलांचा भरणा मोठा होता. १९८२ च्या डिसेंबरात ग्रीक सरकारने राजकीय निर्वासितांना परत येण्याची मुभा देणारा निर्णय काढला. समेटाचे पाऊल म्हणून त्याची वाखाणणी झाली. पण ही मुभा 'वंशाने ग्रीक' असलेल्यांपुरती होती. तीन शब्दांच्या एका पात्रतेने त्याच युद्धात, त्याच गावातून, त्याच रात्री निघालेल्या मुलांपैकी काही घरी आली आणि काही पन्नाशीला पोचल्यावरही आपल्या आईवडिलांच्या घराची जागा पाहण्यासाठी सीमेवर अडवली गेली. ज्या अभ्यासकांना वांशिक अस्मितेचा वाद हा केवळ प्रतीकांचा वाद वाटतो, त्यांनी हा निर्णय मुळातून वाचावा.

यानंतर विचारात घ्यावयाचे क्षेत्र बाल्कनपासून फार दूर आहे. ऑस्ट्रेलियात, विशेषतः मेलबोर्न परिसरात, ग्रीक आणि मॅसिडोनियन या दोन्ही समाजांची मोठी वस्ती आहे. लॉरिंग डॅनफर्थ या मानवशास्त्रज्ञाने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या 'मॅसिडोनियन संघर्ष' या ग्रंथात एकाच गावातून गेलेल्या, क्वचित एकाच कुटुंबातील, माणसांनी तेथे परस्परविरोधी राष्ट्रीयत्वे कशी पत्करली याचे वर्णन केले आहे. १९९४ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघसरकारने या लोकांना 'स्लाव्ह मॅसिडोनियन' म्हणावे असे ठरवले. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राज्याच्या शासनाने आपल्या सर्व खात्यांना आदेश दिला, की भाषेच्या नावापुढे कंसात 'स्लाव्हॉनिक' असा शब्द घालावा. हा आदेश विधिमंडळाचा नव्हता, शासनाचा होता. पण मतदारसंघांचे गणित त्यामागे होते हे उघड आहे.

हा कंस समीक्षकाच्या दृष्टीने मोठा अर्थपूर्ण आहे. व्याकरणात कंसातील मजकूर गौण असतो, गाळला तरी वाक्याचा अर्थ बिघडत नाही. येथे मात्र सारा अर्थ कंसातच होता: भाषा तुमची, पण नाव पूर्ण तुमचे नाही. मॅसिडोनियन संघटनांनी १९७५ च्या वंशभेदविरोधी कायद्याखाली तक्रार केली. शासनाचा बचाव असा, की हेतू भेदभावाचा नसून दोन समाजांतील तेढ कमी करण्याचा होता, आणि मानवी हक्क आयोगाने प्रथम तो मान्यही केला. १९९८ साली संघ न्यायालयाने आयोगाचा निष्कर्ष रद्द ठरवला आणि १९९९ साली पूर्ण पीठाने तो निकाल कायम केला. न्यायालयाच्या विवेचनाचे मर्म असे, की एखादे कृत्य वंशावर 'आधारित' आहे काय हे ठरवताना करणाऱ्याचा हेतू शोधत बसण्याचे कारण नाही. कृत्य वंशाच्या निकषावर उभे असले म्हणजे पुरे. ज्या प्रश्नावर इतिहासकार शतकभर भांडत आले त्याला न्यायालयाने स्पर्शच केला नाही. मॅसिडोनियन लोक प्राचीन आहेत की अर्वाचीन, हे त्याने विचारले नाही. एक समाज स्वतःला जे म्हणतो ते शासनाने त्याच्या इच्छेविरुद्ध बदलावे काय, एवढाच प्रश्न त्याने ठेवला. मिसिर्कॉव्हच्या भूमिकेशी या विवेचनाचे जे नाते आहे ते कोणत्याही विधिमंडळाच्या ठरावाशी नाही.

अमेरिकेतील कित्येक राज्यांच्या विधिमंडळांनी प्राचीन मॅसिडोनियन हे ग्रीक होते अशा आशयाचे ठराव संमत केले, त्यांचा येथे फक्त उल्लेख पुरे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातील राजांचे राष्ट्रीयत्व विसाव्या व एकविसाव्या शतकातील आमदारांनी ठरवावे यात विनोद आहे, पण विचार नाही. खेद असा, की स्कोप्येच्या राज्यकर्त्यांनीही याच पातळीवर उतरून उत्तर दिले. विमानतळाला शिकंदराचे नाव दिले गेले, आणि २०११ साली शहराच्या मुख्य चौकात अश्वारूढ योद्ध्याचा प्रचंड पुतळा उभा राहिला. पेल्लाच्या शेजारी जन्मलेल्या मिसिर्कॉव्हने जो मोह टाळला त्याला त्याचे वारसदार बळी पडले. या दोन पक्षांत वरवर विरोध असला तरी गृहीत एकच होते: जे प्राचीन तेच खरे. या गृहीतापुढे मिसिर्कॉव्हचा ग्रंथ दोघांनाही गैरसोयीचा ठरतो.

१७ जून २०१८ च्या प्रेस्पा कराराने हा शिकंदरविषयक वाद बऱ्याच अंशी मिटवला. १९९३ साली संयुक्त राष्ट्रसंघात 'पूर्वाश्रमीचे युगोस्लाव्ह गणराज्य मॅसिडोनिया' या तात्पुरत्या नावाने प्रवेश मिळालेल्या देशाने 'उत्तर मॅसिडोनिया' हे नाव स्वीकारले. कराराचे सातवे कलम वाङ्मयदृष्ट्याही वाचनीय आहे. 'मॅसिडोनिया' व 'मॅसिडोनियन' हे शब्द दोन्ही पक्ष भिन्न ऐतिहासिक संदर्भात आणि भिन्न सांस्कृतिक वारशाच्या अर्थाने वापरतात, हे त्यात मान्य केले आहे. एकच शब्द, दोन अर्थ, आणि दोन्ही ग्राह्य: कोशकाराला जे रोज करावे लागते ते मुत्सद्द्यांना सत्तावीस वर्षांनी साधले. ग्रीक मॅसिडोनियातील लक्षावधी लोक प्रादेशिक अर्थाने स्वतःला मॅसिडोनियन म्हणवतात, आणि त्यांचा तो हक्कही खोटा नाही, हे या कलमाने उत्तरेकडील वाचकालाही सांगितले.

भाषेच्या मान्यतेसाठी करारात जो दाखला दिला आहे तो मोठा चमत्कारिक आहे. १९७७ साली भौगोलिक नावांच्या प्रमाणीकरणासाठी संयुक्त राष्ट्रसंघाची तिसरी परिषद भरली होती. तिने नकाशांवर लॅटिन लिपीत नावे कशी लिहावी यासंबंधी ठराव केले, आणि त्या ओघात मॅसिडोनियन सिरिलिक लिपीची लिप्यंतरपद्धती मान्य केली. परिषद भरली होती अथेन्समध्ये. चाळीस वर्षांनी करार करताना नेमका हाच ठराव हाती घेण्यात आला: भाषेला आम्ही आज मान्यता देत नाही, ती तुमच्याच राजधानीत पूर्वी दिली गेली आहे. ज्या मान्यतेसाठी पिढ्या खपल्या ती नकाशे काढणाऱ्यांच्या एका तांत्रिक ठरावात निपचित पडून होती. अस्मितेच्या इतिहासात भव्य घोषणांपेक्षा अशा रुक्ष कागदांचा वाटा अधिक असतो, हे मिसिर्कॉव्हला पटले असते. त्याला हवी होती तीही नोंदवहीतील एक ओळच.

करार झाला तरी तो टिकवणे विधिमंडळांच्याच हाती होते. ३० सप्टेंबर २०१८ च्या सार्वमतात सुमारे ३७ टक्केच मतदार आले. ११ जानेवारी २०१९ रोजी स्कोप्येच्या सोब्रान्ये या विधिमंडळात १२० पैकी ८१ मतांनी घटनादुरुस्ती झाली. आवश्यक होती दोन-तृतीयांश, म्हणजे ८०. त्याच महिन्याच्या २५ तारखेस अथेन्सच्या संसदेने ३०० पैकी १५३ मतांनी करार संमत केला. या आकड्यांच्या काठावर एका भाषेचे नाव उभे होते.

ग्रीसचा आक्षेप शब्दाविषयी होता, बल्गेरियाचा आक्षेप अस्तित्वाच्या इतिहासाविषयी आहे, आणि म्हणून तो अधिक अवघड आहे. जानेवारी १९९२ मध्ये या राज्याला बल्गेरियाने इतरांच्या आधी मान्यता दिली, पण राष्ट्र म्हणून नव्हे. १९९९ च्या संयुक्त निवेदनात पेच सोडवण्यासाठी 'त्या त्या देशाच्या घटनेनुसार' अधिकृत असलेली भाषा, असा शब्दप्रयोग योजण्यात आला. भाषेचे अस्तित्व भाषेवर न ठेवता घटनेवर ठेवण्याची ही युक्ती होती. २०१७ च्या मैत्रीकरारान्वये इतिहासकारांचा संयुक्त आयोग नेमला गेला, आणि गोत्से देल्चेव्हच्या प्रश्नावर त्याची गाडी अडली. ऑक्टोबर २०१९ मध्ये बल्गेरियन सरकारची भूमिका आणि तिच्या पाठीशी राष्ट्रसभेचे निवेदन प्रसिद्ध झाले, त्यात युरोपीय संघाने 'मॅसिडोनियन भाषा' हा शब्दच टाळावा असा आग्रह होता. नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरियाने उत्तर मॅसिडोनियाच्या वाटाघाटी रोखल्या. जून २०२२ मध्ये सोफियाच्या राष्ट्रसभेने फ्रान्सच्या तडजोडीला अनुमती दिली, आणि पुढील महिन्यात स्कोप्येनेही ती स्वीकारली. तीत एक अट आहे: घटनेच्या उद्देशिकेत अल्बेनियन, तुर्क, व्लाख, सर्ब, रोमा, बोस्नियाक यांच्या जोडीला बल्गेरियनांचा उल्लेख यावा.

या अटीचे मूल्यमापन करताना घाई करू नये. २०२१ च्या जनगणनेत स्वतःला बल्गेरियन म्हणवणारे सुमारे साडेतीन हजार निघाले. संख्या लहान आहे म्हणून त्यांचा हक्क लहान होत नाही. मॅसिडोनियनांनी तरी तसे म्हणू नये. २०११ च्या बल्गेरियन जनगणनेत मॅसिडोनियन म्हणून नोंदलेले याहून कमी, सुमारे साडेसोळाशेच, होते. आणि त्यांच्या संघटनेला नोंदणी व सभा नाकारल्याबद्दल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बल्गेरियाला २००१ पासून वारंवार दोषी धरले आहे. दोष आहे तो अटीच्या पोटातील विषमतेत. एक राज्य दुसऱ्याकडून आपल्या बांधवांचे नाव घटनेत लिहून मागते, आणि त्याच वेळी त्या दुसऱ्याच्या बांधवांचे नाव आपल्या न्यायालयाच्या दप्तरी घेण्यास नकार देते. राष्ट्र परिस्थितीने घडते हे मिसिर्कॉव्हचे सूत्र दोन्ही बाजूंना सारखे लावावयाचे तर ब्लागोयेव्हग्रादमधील मॅसिडोनियन आणि बितोलामधील बल्गेरियन हे एकाच न्यायाने उभे राहतात.

उद्देशिकेतील दुरुस्तीसाठी सोब्रान्येत पुन्हा दोन-तृतीयांश मते लागतात, १८७० च्या फर्मानातही प्रमाण तेच होते. २०२४ च्या मे महिन्यातील निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या पक्षाने आजच्या स्थितीत ही दुरुस्ती करण्यास नकार दिला आहे. दरम्यान, ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या सीमारक्षण संस्थेशी उत्तर मॅसिडोनियाचा करार झाला. त्याची एक प्रत मॅसिडोनियन भाषेत आहे, आणि भाषेच्या नावापुढे कंस नाही, तळटीप नाही. २०२५ च्या जुलैत ज्या संसदेने आपल्या अहवालातून त्या भाषेचे नाव गाळले ती संसद त्याच संघाची.